नेक्स्टडीएनएस घ्यावं का? चार फोन आणि एक टीव्ही असलेल्या बडोद्याच्या घरासाठी

संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, एवढंच बघायचं असतं. फुकटचं पंचांग ॲप उघडलं की पडद्यावर तिथी उमटायच्या आत फोनने अनेकदा तीन-चार परक्या दारांवर थाप मारलेली असते. एक दार ॲप-मेझरमेंट डॉट कॉमचं, म्हणजे गूगलच्या फायरबेसची मोजणी. दुसरं ग्राफ डॉट फेसबुक डॉट कॉमचं, म्हणजे ॲप बनवणाऱ्याने आत बसवलेली फेसबुकची जोडणी. तिसरं डबलक्लिकचं, तिथे तुमच्या पडद्यावरच्या जागेचा लिलाव होतो. चंद्राचा यातल्या कुणाशीच संबंध नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने ३४ अँड्रॉइड ॲप्स तपासली होती. त्यातली ६१ टक्के ॲप्स उघडताक्षणी फेसबुकला माहिती पाठवत होती, मग फोनवाल्याचं फेसबुकवर खातं असो वा नसो. नंतर काही कंपन्यांनी सुधारणा केल्या, पण धंद्याची रीत तीच आहे. ही थाप बघता यावी आणि थांबवता यावी, यासाठी नेक्स्टडीएनएस ही सेवा आहे.

काम साधं आहे. कुठल्याही ॲपला कुठेही जायच्या आधी नावावरून आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, विचारावा लागतो. या विचारपूस करण्याच्या सोयीलाच डीएनएस म्हणतात. हा प्रश्न एरवी ब्रॉडबँड कंपनीच्या सर्व्हरकडे, पोर्ट ५३ वरून, पोस्टकार्डासारखा उघडा जातो. नेक्स्टडीएनएस तो पाकिटात घालून, पोर्ट ८५३ वरून, स्वतःकडे घेतं. विचारलेलं नाव जाहिरात-पाळतीच्या यादीत असेल तर खरा पत्ता न देता ०.०.०.० असं उत्तर देतं. ॲपला दार सापडत नाही, माहिती फोनमध्येच राहते.

पाकिटामुळे ब्रॉडबँड कंपनी आंधळी होते असं मात्र समजू नका. साइटशी जोडणी सुरू होताना तिचं नाव एसएनआय या खुणेत बहुतेक वेळा उघडंच जातं. शिवाय ब्रॉडबँड कंपनीकडून काढून घेतलेली तुमच्या प्रश्नांची यादी आता नेक्स्टडीएनएसच्या हातात पडते, आणि ही कंपनी अमेरिकेत नोंदलेली आहे. घरातलं कोण रात्री दोन वाजता कुठल्या आजाराची, कुठल्या कर्जाची, कुठल्या वधू-वर सूचक साइटची चौकशी करतं, हे सगळं तिच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, बसतं. म्हणून खातं उघडल्यावर सगळे धावतात त्या प्रायव्हसीच्या टॅबकडे जाऊ नका. आधी शेवटचा, सेटिंग्जचा टॅब उघडा.

तिथे लॉगचा मुख्य खटका आहे. त्याखाली आयपी पत्ते नोंदवायचे का आणि डोमेन नावं नोंदवायची का, असे दोन वेगळे खटके आहेत. नोंदी किती काळ ठेवायच्या हे एका तासापासून दोन वर्षांपर्यंत निवडता येतं. कुठे ठेवायच्या, यासाठी अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड असे पर्याय आहेत. आमचं मत: आयपीचा खटका पहिल्याच मिनिटाला बंद. मुदत एक आठवडा, जागा स्वित्झर्लंड. पहिले दोन-तीन आठवडे डोमेनच्या नोंदी चालू ठेवाव्या लागतात, कारण काय अडलं हे त्यातूनच कळतं. बसवाबसव संपली की मुख्य खटकाच बंद करायचा. लॉग बंद असला तरी अडवायचं काम चालूच राहतं.

यात एक गोष्ट बसवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. खातं ज्याचं, त्याला घरातल्या सगळ्यांच्या नोंदी दिसतात. मुलाने हौसेने आई-बाबांच्या आणि बायकोच्या फोनवर हे बसवलं, की मोठ्या कंपन्यांपासून घर वाचवता वाचवता घरातच एक पाळत उभी राहते. एका खात्यात वेगवेगळ्या नावांची प्रोफाइल्स करता येतात, पण खातेदाराला ती सगळी उघडता येतात, म्हणून त्याने हा प्रश्न सुटत नाही. मोठ्या माणसांना सांगून बसवा आणि लॉग कधी बंद करणार ती तारीखही सांगा.

आता प्रायव्हसीचा टॅब. कंपनीची स्वतःची यादी सुरुवातीपासून लावलेली असते. नवशिके इथे मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखे आठ-दहा याद्या निवडतात. त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात की फायदा फारसा वाढत नाही, मोडतोड मात्र वाढते. जोडीला एकच घ्यायची: ओआयएसडी किंवा हगेझीची नॉर्मल. त्याखाली फोन-टीव्ही बनवणाऱ्यांची स्वतःची पाळत अडवायचे खटके आहेत. सॅमसंग, शाओमी, विंडोज, ॲपल, अलेक्सा, यातलं घरात असेल तेवढंच लावा. तुम्ही उघडलेल्या साइटच्याच नावाआड लपलेले बाहेरचे पाळतवाले अडवायचा एक वेगळा खटका आहे, तो चालू ठेवायचाच.

सिक्युरिटीच्या टॅबमध्ये तीस दिवसांच्या आत नोंदलेली नवी डोमेन्स अडवायची सोय आहे. ज्येष्ठांच्या फोनसाठी ही सगळ्यात मोलाची. लाइट बिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन कापू, अशा मेसेजमधल्या खोट्या लिंका बहुधा अशाच ताज्या डोमेनवर उभ्या असतात. पण नवरात्र तोंडावर आलं की बडोद्यात हाच खटका उलटतो. गरब्याच्या पाससाठी एखाद्या मंडळाने महिन्याच्या आतच नवी साइट नोंदवली असेल तर ती उघडणार नाही. खटका काढू नका. मंडळाच्या छापील पत्रकावरून किंवा प्रत्यक्ष विचारून साइटचं नाव ताडून घ्या आणि तेवढंच परवानगीच्या यादीत टाका. खोटे पास विकणारेही त्याच दिवसांत साइट उभ्या करतात, त्यामुळे हा थोडा त्रास सोसावा.

फोनवर बसवायला पाच मिनिटं पुरतात. सेटअपच्या टॅबवर सहा अक्षरांचा आयडी मिळतो आणि त्यापुढे डॉट डीएनएस डॉट नेक्स्टडीएनएस डॉट आयओ जोडलेला पत्ता असतो. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, प्रायव्हेट डीएनएस इथे जा. सॅमसंगवर तो कनेक्शन्समधल्या 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'मध्ये असतो, शाओमीवर 'कनेक्शन अँड शेअरिंग'मध्ये. आपल्याकडे एकाच घरात एक फोन गुजरातीत, एक हिंदीत, एक इंग्रजीत असतो. त्यामुळे मेनू शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डीएनएस' लिहिणं सोपं. तीन पर्यायांतला शेवटचा, प्रोव्हायडरचं नाव लिहायचा, निवडा आणि पत्ता चिकटवा.

नेमकं चुकतं ते इथेच. लोक पुढे एचटीटीपीएस लिहितात, मागे तिरकी रेघ ठेवतात, किंवा आकड्यांचा आयपी टाकतात. तिथे फक्त नाव चालतं. व्हॉट्सॲपवरून पत्ता कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा येते आणि 'सेव्ह'चं बटण राखाडीच राहतं. ती जागा पुसली की काम होतं. आयडीच्या आधी नाव आणि एक आडवी रेघ जोडली, म्हणजे 'आजी' रेघ आयडी असं रोमन अक्षरांत लिहिलं, की लॉगमध्ये कुठला फोन ते वेगळं दिसतं. नंतर टेस्ट डॉट नेक्स्टडीएनएस डॉट आयओ उघडा. स्टेटस ओके आणि प्रोटोकॉल डीओटी (डीएनएस-ओव्हर-टीएलएस, म्हणजे पाकिटातला डीएनएस) दिसलं की झालं. तरी जाहिराती दिसत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिक्युअर डीएनएसला दुसरीच कंपनी निवडलेली आहे का ते बघा. क्रोम तेव्हा स्वतःच्या वाटेने जातं.

आयफोनवर सफारीतून ॲपल डॉट नेक्स्टडीएनएस डॉट आयओ उघडून प्रोफाइल उतरवायचं. मग सेटिंग्जमध्ये जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथून ते बसवायचं. उतरवल्यावर ते आपोआप बसतं असं वाटून बरेच जण तिथेच थांबतात.

खरी डोकेदुखी टीव्ही. आधी टीव्हीकडे बघायचं कारण: आजचे बरेच स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललं आहे ते चित्रावरूनच ओळखतात. याला एसीआर म्हणतात. एचडीएमआयने जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सवरचं चित्रही त्यातून सुटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने याच कारणावरून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. म्हणून डीएनएसच्या आधी टीव्हीच्याच मेनूत जा. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीवर 'लाइव्ह प्लस' बंद करा. दोन मिनिटांचं काम, आणि टीव्हीपुरता अर्धा फायदा इथेच झाला.

बाकीच्यासाठी टीव्हीला नेक्स्टडीएनएस पोचवायचं. टीव्हीच्या नेटवर्क मेनूत बहुधा फक्त आकडी डीएनएस लिहिता येतो, आणि तो आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा. त्या आकड्यांवरून प्रश्न कुणाच्या घरातून आला हे नेक्स्टडीएनएसला कळत नाही. म्हणून सेटअपच्या टॅबवर 'लिंक आयपी' करून आपल्या घराचा बाहेरचा पत्ता जोडावा लागतो. इथेच गाडी अडते. घरच्या ब्रॉडबँडवर बऱ्याच ठिकाणी एक बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही जोडलेला पत्ता शेजारच्या सोसायटीचाही असू शकतो, आणि राउटर बंद-चालू झाला की बदलतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि चार दिवसांनी टीव्ही पुन्हा मोकाट.

आपण सीजीनॅटमागे आहोत का हे ओळखायची सोपी खूण: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि कुठल्याही 'माझा आयपी' साइटवर दिसणारा आयपी वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १०० च्या पुढे ६४ ते १२७ असा सुरू होत असेल, तर आहात. मग उपाय तीन. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर प्ले स्टोअरवरून नेक्स्टडीएनएसचं ॲप त्यावरच बसवा, आणि हा सगळ्यात स्वस्त. घरी आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू असतील आणि टीव्हीच्या मेनूत त्याचा डीएनएस लिहिता येत असेल तर नेक्स्टडीएनएसचे आयपीव्ही६ पत्ते वापरा, कारण त्यात तुमचा आयडीच गुंफलेला असतो आणि लिंक करायची भानगड उरत नाही. नाहीतर ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या राउटरच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावा, ज्यात डीएनएस-ओव्हर-टीएलएस आहे. एसूसच्या अनेक राउटरांत ती सोय आहे. कंपनीच्या डब्यातच डीएनएस बदलायच्या नादाला लागू नका. बऱ्याच डब्यांत तो खटका कुलूपबंद असतो. आयपीव्ही४ चा बदलला तरी आयपीव्ही६ चा जुनाच वाटला जातो, आणि फोन-टीव्ही त्याच वाटेने निसटतात.

वापरात काय मोडतं? पहिलं म्हणजे एसएमएसमधल्या लिंका. दुकानांच्या आणि कुरिअरच्या बऱ्याच लिंका मोजणीवाल्या सर्व्हरवरून फिरून जातात, त्या उघडत नाहीत. प्रायव्हसीच्या तळाशी 'अफिलिएट अँड ट्रॅकिंग लिंक्स' चालू द्यायचा खटका आहे. ज्येष्ठांच्या प्रोफाइलवर तो चालू करा, नाहीतर दर दोन दिवसांनी फोन येईल. दुसरं, ग्राफ डॉट फेसबुक अडलं असेल तर 'फेसबुकने लॉगिन करा' चालत नाही. त्या ॲपमध्ये ईमेलने खातं करणं हाच खरा इलाज.

तिसरं म्हणजे पैसे भरायचं पान मधेच गोठणं. महापालिकेचा वेरा, म्हणजे कर, असो की गॅसचं बिल, पान अडलं की लोक प्रायव्हेट डीएनएसच बंद करून टाकतात आणि पुन्हा चालू करायला विसरतात. त्याऐवजी, लॉग बंद केला असेल तर तेवढ्यापुरता चालू करून, पान पुन्हा एकदा उघडा, लगेच लॉगमध्ये फक्त अडवलेल्या नोंदी बघा. शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं नाव शोधा आणि तेवढ्याला परवानगी द्या. मग विमान मोड चालू-बंद करा. फोनने जुनं उत्तर लक्षात ठेवलेलं असतं, हे न केल्यास 'परवानगी देऊनही चालत नाही' असं वाटतं.

चौथं स्टेशनवर. बडोदा स्टेशनचं रेलवायर वायफाय असो की कॅफेचं, आधी ओटीपीचं पान यावं लागतं. प्रायव्हेट डीएनएस ठाम नावावर असेल तर ते पान अनेकदा येत नाही आणि 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही' असा निरोप दिसतो. तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' करा, ओटीपी टाका, मग परत नाव निवडा. पत्ता फोनने जपून ठेवलेला असतो, पुन्हा लिहावा लागत नाही. प्रवासात मोबाइल डेटाच वापरलात तर हा खटाटोपच नाही.

ब्लॉक पेज, म्हणजे 'हे अडवलं आहे' असं सांगणारं पान, दाखवायचा पर्याय मात्र लावू नका. आजच्या सुरक्षित साइटांवर ते पान सर्टिफिकेटची लाल सूचना घेऊन येतं आणि आजोबांना वाटतं फोन हॅक झाला.

पैशांचा हिशेब. फुकटात महिन्याला ३,००,००० प्रश्न मिळतात, म्हणजे दिवसाला दहा हजार. चार फोन आणि एक टीव्ही धरले तर प्रत्येकी दोन हजार. साध्या वापराच्या दोन फोनांना हे पुरावं. टीव्ही जोडला की सांगता येत नाही, कारण दार बंद दिसलं की काही ॲप्स तेच दार पुन्हा पुन्हा वाजवतात आणि प्रत्येक थाप मोजली जाते. म्हणूनच ॲनालिटिक्समधल्या अडवलेल्या टक्केवारीवर खूश होऊ नका. आकडा मोठा असण्याचा अर्थ एखादं ॲप हट्टी आहे एवढाच असू शकतो. कोटा संपला की सेवा थांबत नाही, फक्त गाळणी निघून जाते, आणि फोनवर काहीच कळत नाही. महिन्याच्या वीस तारखेला आकडा बघून ठेवा.

अमर्याद वापराची मूळ किंमत महिन्याला १.९९ डॉलर किंवा वर्षाला १९.९० डॉलर आहे. परदेशी कंपनीची दरमहा आपोआप वजावट आपल्या बऱ्याच कार्डांवर अडते, म्हणून घ्यायचंच तर वर्षाचं घ्या. फोन करून विचारायची सोय नाही, मदतीसाठी सगळं लिखापढीने.

हे साधन कुठे तोकडं पडतं ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरून येतात. इन्स्टाग्रामचंही तेच. गूगलच्या शोधात, नकाशात, व्हॉट्सॲपवर कुणाशी कधी बोललात यात जे तुम्ही स्वतःच्या हाताने देता, त्याला डीएनएस हातही लावू शकत नाही. त्यासाठी गूगल खात्यात डेटा अँड प्रायव्हसीमध्ये वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीवर आपोआप पुसायची मुदत ३ महिने करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, ॲड्स इथे जाहिरात आयडी डिलीट करा.

आणि परवानग्या. पंचांग ॲपला ठिकाण मागायचं कारण खरं आहे, बडोदा आणि नागपूर यांच्या चंद्रोदयात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. पण अँड्रॉइड १२ पासून 'अचूक' ऐवजी 'अंदाजे' ठिकाण देता येतं, साधारण तीन चौरस किलोमीटरच्या टापूएवढं. तुम्ही अलकापुरीत आहात की मांजलपूरला, याने चंद्राला काही सेकंदांचाच फरक पडतो. जाहिरातवाल्याला मात्र बराच पडतो.

मुलांच्या फोनसाठी पेरेंटल कंट्रोलचा टॅब आहे, आणि त्यातला 'बायपास'चे, म्हणजे ही गाळणी चुकवायचे, मार्ग अडवायचा खटका लावला नाही तर बाकीचं व्यर्थ. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची पाळत आणि त्यांना नेम धरून दाखवलेल्या जाहिराती यांना मनाई आहे. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर हा खटका बरा.

पर्यायांबद्दल थोडक्यात. खातं नको, लॉग नको, कोटा नको असेल तर स्वीडनच्या मुल्वाडचा फुकट डीएनएस घ्या, नाव बेस डॉट डीएनएस डॉट मुल्वाड डॉट नेट. काही अडलं तर एखादं नाव सोडवता येत नाही, एवढी एक उणीव. ॲडगार्डचाही खात्याविना चालणारा पत्ता आहे. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ वेगवान आहे, पण पाळत अडवत नाही, लोक उगीच त्यासाठी तो लावतात.

आमची वाटणी अशी. ज्याला लॉग वाचून दुरुस्त करायची आवड आहे त्याने स्वतःच्या फोनला आणि टीव्हीला नेक्स्टडीएनएस लावावं, टीव्ही न जोडता दोनच फोन असतील तर फुकटातच. आत्या-मावशींच्या फोनवर, जिथे बसवून निघून यायचं आहे, तिथे मुल्वाड. आणि कुठलंही लावलं तरी फोनचं मोठं अपडेट किंवा नेटवर्क रीसेट झालं की प्रायव्हेट डीएनएस एकदा उघडून बघा. रीसेटनंतर ते गुपचूप 'ऑटोमॅटिक'वर गेलेलं असू शकतं.